तीन विद्यापीठे आणि दारव्ह्याचा ठराव

बैल घ्यायचा झाला तर तुम्ही त्याचे दात पाहता, मानेवर जू ठेवून चार पावले चालवून पाहता, आणि आधीचा धनी तो का विकतो आहे हे पुन्हा पुन्हा विचारता. मग ज्या प्राध्यापकाच्या हाती आपल्या पोराची ऐन उमेदीची वर्षे द्यायची, त्याच्याबद्दल तुम्ही कोणाला काय विचारता?

मी यवतमाळला आमच्या वस्तीचे वाचनालय चालवते. हा प्रश्न मी पुष्कळ आईबापांना विचारला आहे. बहुतेकांचे उत्तर एकच असते, "आमाले काय समजते त्यातलं, बाई? तुमीच सांगा." हे उत्तर मला मान्य नाही. ज्याला बैलातले समजते त्याला माणसातलेही समजते. फक्त विचारण्याची हिंमत हवी, आणि ज्याला विचारले त्याने खरे सांगायला हवे. या दुसऱ्या गोष्टीपायीच मी हा लेख लिहीत आहे.

माझे वडील बाजारात, जत्रेत, सभेच्या मांडवाबाहेर पत्रके वाटत. मी अक्षरे पाटीवर शिकले नाही, त्या पत्रकांवर शिकले. 'बंधूंनो, जागे व्हा' हे मला कमळ आणि बदक यांच्या आधी वाचता येत होते. त्यामुळे माझ्या लिहिण्यात आवाज चढतो असे लोक म्हणतात. चढू द्या. हळू बोलून आमच्या लोकांना आजवर काय मिळाले?

वाचनालय म्हणजे टिनाचे छप्पर असलेली एक खोली. सकाळी वर्तमानपत्रे वाचायला माणसे येतात. दुपारनंतर मुले येतात आणि विचारतात, आता पुढे कुठे जाऊ? छप्पन सालच्या दीक्षेनंतर पहिली काही वर्षे हा प्रश्न मॅट्रिकच्या पुढचा होता, मग बी.ए.च्या पुढचा झाला. आणि अर्थशास्त्र घेणाऱ्यांची संख्या माझ्याकडे नेहमीच जास्त. त्याचे कारण आमच्या प्रत्येक घरात भिंतीवर आहे. ज्यांची तसबीर तिथे लावलेली आहे, ते स्वतः अर्थशास्त्राचे डॉक्टर होते. त्यामुळे आमच्या वस्तीत सुई टोचणाऱ्या डॉक्टरपेक्षा पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टरला मान मोठा.

पण ही डॉक्टरकी कशी मिळते हे फार थोड्यांना ठाऊक असते. तिथे वर्ग नसतो, घंटा नसते. एक विषय असतो, एक मार्गदर्शक असतो, आणि किती वर्षे लागतील हे कोणी सांगत नाही. मार्गदर्शक म्हणजे ज्याच्या सहीशिवाय तुमचा प्रबंध पुढे सरकत नाही तो माणूस. देशात दोनचार नामांकित विभाग आहेत. तिथे पहिल्या वर्गात आलेल्यांनाच उभे करतात, आणि आमची मुले रात्री कापसाच्या जिनिंगमध्ये राबून दुसऱ्या वर्गात येतात. त्यांच्यासाठी उरतात ते मधल्या फळीतले विभाग. त्यांची कीर्ती नसते आणि अपकीर्तीही नसते. बाहेरून सगळे सारखेच दिसतात. म्हणून निवड तिथेच सगळ्यात कठीण.

निवडावे कसे, हे मला महागावकडच्या एका तांड्याच्या नायकांनी शिकवले. ते मुलाला बी.ए.ला घालायला निघाले होते. मी चार कॉलेजांची माहितीपत्रके त्यांच्यापुढे मांडली. त्यांनी एकही उघडले नाही.

"बाई, हे कोनं छापलं?"

"त्या त्या कॉलेजनं, नायक."

"मंग आपल्याच बैलाले मारका कोण म्हणन?"

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "आमचे आजे लदेणी घेऊन जात. बैलाच्या पाठीवर मीठ लादलं, धान्य लादलं, चालले. पुढच्या मुक्कामी पाणी हाय का नाई, हे तिकडं जाणाऱ्याले नाई विचारत. तिकडून येणाऱ्याले विचारत. अन् त्याच्या बोलण्यावर नाई जात, त्याच्या बैलाचं पोट पाहात. पोट खपाटीले गेलं असन तं समजायचं, तिकडं पाणी नाई."

त्या दिवसापासून मी परत आलेल्यांना शोधू लागले. हे काम वाटते तितके सोपे नाही. जे पदवी घेतात ते मुंबई-नागपूरला नोकरी धरतात, त्यांच्याकडून सणाला कार्ड येते. जे पदवी न घेता येतात ते गावात असतात, पण विचारले की म्हणतात, "तब्येत बरी नव्हती." या एका उत्तराने माझे डोके फिरते. आमच्या जिल्ह्यात हिवतापाने आजारी पाडली नसतील इतकी माणसे विद्यापीठांनी पाडलेली दिसतात.

आता सुखदेवची हकीकत सांगते.

सुखदेव दारव्ह्याचा. वडील लवकर गेले. आई, जनाबाई, जिनिंगमध्ये कापूस निवडायला जाते. हे कुटुंब मूळचे जवळच्या एका खेड्यातले. वडिलांकडे गावकीचे काम होते. मेलेली ढोरे ओढायची, निरोप पोचवायचे, आणि त्याबद्दल खळ्यावर धान्य मागायचे, ज्याला बलुते म्हणतात. दीक्षा घेतली आणि त्यांनी हे सगळे एका दिवसात सोडले. गावाने शेतात कामाला बोलावणे बंद केले. मग ते दारव्ह्याला आले.

सुखदेव अर्थशास्त्र घेऊन एम.ए. झाला आणि त्याने संशोधनासाठी विषय धरला तो हाच. बलुते सोडलेली कुटुंबे पुढे कशावर जगली? कोण शहरात गेले, कोण मजूर झाले, कोण उपाशी राहून पुन्हा जुन्या कामावर गेले? मी इतकी पत्रके वाचली, पण हा प्रश्न कोणत्याही पत्रकात नव्हता. आम्ही काय सोडले हे आम्ही गर्जून सांगितले होते. सोडल्यावर काय खाल्ले, हे कोणी विचारले नव्हते.

शिष्यवृत्तीच्या कचेरीत कारकुनाने त्याला चांगुलपणाने सांगितले, "अर्जात जुनी जात लिही, केंद्राची मिळून जाईन. बौद्ध लिहिलंस तं त्याईच्या नियमात बसत नाही." सुखदेवने बौद्ध लिहिले आणि शिष्यवृत्ती गेली. ही बातमी दारव्ह्याच्या वस्तीत पोचली तेव्हा बायांनी ठरवले की दर आठवड्याला घरटी मूठभर ज्वारी सुखदेवच्या नावाने बाजूला काढायची. विहाराच्या कोपऱ्यात एक कणगी उभी राहिली. मला वाटते कुठल्याही सरकारने दिलेल्या शिष्यवृत्तीपेक्षा ती कणगी मोठी होती. पण ज्याने ज्वारी टाकली त्याला मत असणार, हेही ओघाने आले. दीक्षेनंतर आमच्या वस्त्यांत एक रीत पडली आहे. विहिरीचा दोर घेण्यापासून लग्नात वाजंत्री आणण्यापर्यंत सगळे विहारात बसून ठरावाने ठरवायचे. म्हणून सुखदेवने कोणत्या विद्यापीठात जावे, याचाही ठराव मांडायचे ठरले.

तीन ठिकाणांहून उत्तरे आली होती. पहिला विभाग उत्तरेकडचा, तिघांत जास्त नावाजलेला. विभागप्रमुखांनी लिहिले होते की हा विषय अर्थशास्त्राचा नाही. कापसाच्या परदेशी व्यापारावर काम करणार असाल तर या, विद्यापीठाचे विद्यावेतन देऊ. दुसरा विभाग जवळचा, आठवड्याला घरी येण्याजोगा. तिथले मार्गदर्शक कोणत्याही विषयाला हो म्हणत. सुखदेव त्यांना भेटून आला तर त्यांच्या खोलीत अर्धवट प्रबंधांचे गठ्ठे छतापर्यंत गेलेले, त्यांवर धूळ. पूर्ण झालेला एखादा दाखवा म्हटले तेव्हा त्यांनी चहा मागवला. तिसरा विभाग दक्षिणेकडचा, नवा, लहान. तिथल्या मार्गदर्शकांनी प्रवेशाबद्दल एक ओळ लिहिली होती आणि खाली एक प्रश्न: ज्यांनी बलुते सोडले नाही त्यांचे काय झाले, हेही विचारणार का? ते विचारले नाही तर सोडल्याने काय झाले हे कसे कळणार?

सुखदेव आधी चिडला. "ताई, ज्याईनं सोडलं नाही त्याईले मी कायले विचारू?" दोन दिवसांनी तो परत आला, डोळे लाल, म्हणाला, "ताई, बरोबर हाय तो माणूस. दोन्ही घरं बाजूबाजूले ठेवल्याबिगर हिशेबच लागत नाही." त्याचा कल मला त्याच दिवशी कळला.

पण उत्तरेकडची हकीकत कोणाकडून तरी कळायला हवी होती. दारव्ह्याच्या शाळेत एक गुरुजी आहेत. छप्पननंतर आमच्यातून संशोधनाला बाहेर पडलेले ते पहिले. त्याच उत्तरेकडच्या विभागात, त्याच प्रमुखांकडे ते काही वर्षे होते आणि पदवीशिवाय परतले. गाव त्यांना कौतुकाने 'डॉक्टर गुरुजी' म्हणते. मी त्यांच्या घरी गेले, सरळ विचारले. त्यांनी खुर्ची पुढे केली, पाणी दिले आणि म्हणाले, "माझी तब्येत बरी नव्हती हो."

"तिथलं मार्गदर्शन कसं होतं, गुरुजी?"

"हवा मानवली नाही."

मी चिडून एस.टी. पकडली. नायकांचे ऐकायचे तर मी त्यांच्या बोलण्यावर जायला नको होते. त्यांच्या घरात पुस्तकांचे कपाट होते आणि त्याला कुलूप होते. मी ते पाहिले, पण त्या दिवशी त्याचा अर्थ लावला नाही.

ठरावाचा दिवस रविवार होता, म्हणून मीही यवतमाळहून गेले. विहारात बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मुले खिडकीत. अध्यक्ष भगवानदादा, जिनिंगमधले सगळ्यात जुने मजूर. त्यांनी उत्तरेकडचे पत्र हातात धरून उजेडाकडे केले.

"हा कागदच पाहा ना बाप्पा. उजेडात धरला का आतून चिन्ह दिसते. अन् हा दुसऱ्याचा पाहा, किराण्याच्या पुडीसारखा."

हशा झाला. मागून कोणी विचारले, "अन् ते तिसरं कोठी हाय म्हणता? नकाशात तरी हाय का?"

"हाय," सुखदेव म्हणाला, "पण लहान हाय."

"मंग आमची ज्वारी कायले लहान ठिकाणी पाठवता बे?"

पुन्हा हशा. मी उठले. उत्तरेकडे गेला तर सुखदेवला विषय सोडावा लागेल, हे मी सांगितले. भगवानदादांनी शांतपणे ऐकून घेतले. ते आडमुठे नाहीत. ते म्हणाले, "बाई, तुमचं खरं हाय. पण मी काय म्हणतो, आधी डॉक्टर होऊन येऊ दे. त्याईचं काम करू दे. एकदा नावामागं डॉक्टर लागलं का मंग लिही म्हणा तुले काय लिहाचं ते. तवा कोण अडवते?"

सभेत माना हलल्या. या बोलण्याला मी तयार नव्हते. मी म्हणाले, "दादा, मग दीक्षाही नंतरच घ्यायची होती. आधी गावाकडून बलुतं घ्यायचं, पोट भरायचं, मग सोडायचं."

टाळ्या पडल्या. पण टाळ्या म्हणजे मते नव्हेत, हे पत्रकांवर वाढलेल्या माणसाला उशिरा कळते. भगवानदादांनी ठराव वाचला: चिरंजीव सुखदेव यांनी उत्तरेकडील विद्यापीठात प्रवेश घ्यावा. हात वर करा, म्हणाले. हात वर जाऊ लागले. सुखदेव मान खाली घालून सतरंजीची दशी ओढत होता. ठराव झाला असता तर त्याने मोडला नसता. ज्यांची ज्वारी खाल्ली त्यांचा शब्द मोडणारा तो मुलगा नाही.

तेवढ्यात दाराजवळ बसलेले गुरुजी उभे राहिले.

"थांबा दादा. हात खाली घ्या."

"काय डॉक्टर गुरुजी, तुमचं तं मत तिकडलंच असन," कोणी तरी म्हणाले.

"मी डॉक्टर नाही," गुरुजी म्हणाले. "अन् मी आजारी नव्हतो."

मग ते अध्यक्षांकडे वळले.

"भगवानदादा, तुम्ही आता जे बोलले, ते मले तिथं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. आधी आमचं काम करा, मग तुमचं. मी माझा विषय घेऊन गेलतो. आपल्या लोकांच्या पडीक जमिनीचा. तो बाजूला ठेवला. त्यांनी दुसरा दिला, तो करून राह्यलो. तो अर्धा झाला तं म्हणे, आता याला अर्थ राहिला नाही, तिसरा घ्या. मी त्यांच्या पुस्तकासाठी आकडे उतरवत होतो. मी सांगतो, माणूस वाईट नव्हता. आजारी पडलो तर डबा पाठवायचा. पण माझा प्रश्न त्याले दिसतच नव्हता. अन् शेवटी शेवटी मलाही दिसेनासा झाला. एक दिवस बसलो आठवाले, आपण काय विचारायले आलतो? आठवेना. तवा मी ट्रंक भरली."

मग ते म्हणाले, "गावात उतरलो तं तुम्ही हार घेऊन उभे. डॉक्टर आले, डॉक्टर आले. मी कसं सांगू? म्हटलं, तब्येत बरी नव्हती. ते माझं कपाट अजून बंद हाय. आपल्या पोरालेही कुलूप पाहिजे असन तं करा हात वर."

वर राहिलेले हातही खाली आले. आणि मग बायांच्या बाजूने जनाबाई बोलली. सभेत ती कधी बोलत नाही. तिने पदर सावरला, उभी राहिली नाही, बसूनच बोलली.

"आमी थे काम सोडलं त्या साली माह्या घरी जवारी नव्हती. म्या अंबाडीचा पाला शिजवला. त्यात कण्या टाकल्या. लहानी पोर माह्यी त्याच साली गेली. आजलोक मले कोणी विचारलं नाही, जनाबाई, तुमी काय खाल्लं? भाषणं लय झाली. विचारलं कोणी नाही. माह्या पोराले थे विचारायचं हाय, तं विचारू द्या नं त्याले. मोठ्या कागदाचं मी काय करू?"

भगवानदादांनी ते पत्र घडी करून खिशात ठेवले. मग म्हणाले, "सुखदेव, तू बोल बे. आमीच बोलून राह्यलो. जायचं तं तुले हाय."

सुखदेव म्हणाला, "दादा, जवळ राहिलो तं मायले बरं होईन, पण तिथं प्रबंध धूळ खाईन. उत्तरेले गेलो तं प्रश्न जाईन. लहान ठिकाणी गेलो तं उद्या नोकरी देणारा विचारन, हे कोणतं विद्यापीठ? ते मी सोशीन. त्या माणसानं मले विषय नाही दिला, प्रश्न विचारला. मी तिथं जातो."

ठराव पुन्हा मांडला गेला नाही. त्याऐवजी भगवानदादा म्हणाले, "कणगीचं तोंड उघडा." आमच्या रीतीत एवढ्याने मंजूर होते.

या गोष्टीला आता दोन वर्षे होतील. शेवट गोड झाला असे लिहायला मला आवडले असते, पण शेवट अजून झालेला नाही. लहान ठिकाणाची किंमत सुखदेव मोजतोच आहे. ग्रंथालयात हवी ती पुस्तके नसतात, ती दुसऱ्या गावाहून मागवावी लागतात. एका कॉलेजात तात्पुरत्या जागेसाठी तो मुलाखतीला गेला तेव्हा त्याने सभेत सांगितलेला 'हे कोणतं विद्यापीठ?' हा प्रश्न खरोखरच विचारला गेला, तोही हसून. जनाबाई एकटी आहे, तिच्या छातीत धुरळा बसला आहे, आणि सुखदेव जवळच्या ठिकाणी असता तर तिला दवाखान्यात नेणारे कोणी असते, हे माझ्या मनातून जात नाही.

दुसरीकडे हेही लिहायला हवे की त्याची पहिली दोन प्रकरणे मार्गदर्शकांकडून परत आली ती लाल शाईने भरून. त्याने मला लिहिले, "ताई, एवढं लाल मी कधी पाहिलं नाही. पण एक ओळ न वाचलेली नाही." गेल्या उन्हाळ्यात तो उमरखेडच्या बाजूच्या खेड्यांत फिरत होता. ज्यांनी बलुते सोडले त्यांच्या ओसरीवर बसत होता, ज्यांनी सोडले नाही त्यांच्याही ओसरीवर बसत होता. एका घरात त्याला म्हातारीने विचारले, "तुले कोणं पाठवलं रे?" तो म्हणाला, "माह्या मायनं."

गुरुजी आता दर रविवारी दारव्ह्याहून यवतमाळला येतात आणि वाचनालयात बसतात. त्यांचे कपाट उघडले आहे. त्यातली पुस्तके आमच्या फळीवर आहेत. मुले त्यांना विचारतात आणि ते जे झाले ते सांगतात, कोणाची निंदा न करता, काही न झाकता. कोणी सवयीने डॉक्टर म्हटले तर म्हणतात, "नुसतं गुरुजी म्हण बापू, तेवढं मी नक्की हाय." त्यांनी त्या सभेत तोंड उघडले नसते तर आज सुखदेव परदेशी व्यापाराचे आकडे उतरवत असता, आणि काही वर्षांनी आम्ही एस.टी. स्टँडवर आणखी एक हार घेऊन उभे राहिलो असतो.

आता वाचकांना एक मागणे. तुमच्यापैकी जे कोणी कुठल्याही विद्यापीठात संशोधनाला गेले असतील, त्यांनी हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एक पोस्टकार्ड घ्यावे. मार्गदर्शक मसुदा किती दिवस ठेवून घेत, वाचत का, तुमचा विषय तुमचाच राहिला का, खानावळीत तुमचे ताट कुठे मांडत, एवढेच लिहा. या अंकाच्या संपादकांकडे पाठवा, ते आमच्या वाचनालयापर्यंत पोचवतील. नाव घालायला नको. पदवी घेऊन आलेल्यांनी लिहावे. पण त्यांच्या आधी, ज्यांची तब्येत बरी नव्हती त्यांनी लिहावे.